पिकअपचं इंजिन ऑईल: कोणतं टाकायचं, कधी बदलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीपाला, दूध, फळं, सिमेंट, फर्निचर असा माल वाहणाऱ्या पिकअपवाल्यांकडून ऑईलबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर ४, ६ आणि ९ एवढे तरी वाचा. आमच्या पाहण्यात इंजिनं बिघडतात ती बहुतेक याच तीन गोष्टींवरून.

१. माझ्या पिकअपला नेमकं कोणतं ऑईल लागतं, ते कुठे लिहिलेलं असतं?

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे ग्रेड, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३०. दुसरी म्हणजे दर्जा, उदाहरणार्थ सीआय-४, सीके-४ किंवा एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी३. काही कंपन्या स्वतःचा मंजुरी क्रमांकही देतात. या गोष्टी जुळल्या की मग ब्रँडचा विचार करा. दुकानात बहुतेक जण उलटं करतात, आधी ब्रँड सांगतात आणि डब्याची मागची बाजू बघतच नाहीत.

पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगून विचारा. शेजाऱ्याची गाडी तुमच्याच मॉडेलची आहे म्हणून त्याचं ऑईल तुमच्या गाडीला चालेल असं समजू नका. नाव तेच राहतं, पण बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणावरच्या सरकारी नियमांचे टप्पे) गाड्यांचं ऑईल वेगळं असू शकतं.

२. १५डब्ल्यू-४० म्हणजे काय?

ऑईल थंड असताना किती सहज वाहतं, ते ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा सांगतो. हा आकडा जितका कमी, तितकं सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑईल लवकर वर चढतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑईल किती घट्ट राहतं ते दाखवतो. १५डब्ल्यू ऑईलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते. निफाडला हुडहुडी भरली तरी महाराष्ट्रात १५डब्ल्यू ऑईल गोठण्याची भीती नाही. तरीही पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच टाका. त्या इंजिनाचा ऑईल पंप आणि बेअरिंगमधली फट त्या पातळ ऑईलच्या हिशेबानेच बनवलेली असते.

३. सीएच-४, सीआय-४, सीके-४ यांत फरक काय?

ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची वर्गवारी आहे. ‘सी’ने सुरू होणारे दर्जे डिझेल इंजिनासाठी आणि ‘एस’ने सुरू होणारे पेट्रोलसाठी. डिझेलमध्ये सीएच-४ हा १९९८चा दर्जा, सीआय-४ २००२चा, सीजे-४ २००६चा आणि सीके-४ २०१६च्या अखेरचा. प्रत्येक नव्या दर्जाबरोबर काजळी सांभाळण्याची आणि झीज रोखण्याची परीक्षा कडक होत गेली. सीजे-४पासून तर ऑईल जळल्यावर उरणाऱ्या राखेवरही मर्यादा आली. या मर्यादेचं महत्त्व पुढच्या उत्तरात आहे.

एफए-४ नावाचाही एक दर्जा आहे. तो ठरावीक नव्या इंजिनांसाठीचं पातळ ऑईल आहे, सीके-४ची सुधारित आवृत्ती नव्हे. पुस्तिकेत नाव नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

४. गाडी बीएस-६ आहे. आधीच्या गाडीचं सीआय-४ ऑईल शिल्लक आहे, तेच टाकलं तर काय बिघडतं?

इंजिन सुरू होईल, गाडी वेग घेईल, आवाजही बदलणार नाही. नुकसान सायलेन्सरच्या बाजूला होतं आणि ते काही महिन्यांनी कळतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ आला. हा धुरातली काजळी अडवणारा जाळीदार फिल्टर असतो. काजळी साठली की गाडी स्वतःच एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. काजळी जळते, पण राख जळत नाही. ही राख इंजिन ऑईलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांच्या संयुगांची असते. प्रत्येक इंजिन थोडं तरी ऑईल जाळतंच, आणि ती राख डीपीएफच्या बारीक नळ्यांमध्ये कायमची बसते.

सीके-४ ऑईलमध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं आणि एसीईए सी३मध्ये ०.८ टक्के. सीआय-४ला अशी मर्यादाच नाही. म्हणजे जास्त राखेचं ऑईल वापरलं की डीपीएफ लवकर भरतो, रिजनरेशन वारंवार होतं, डिझेल जास्त लागतं, गाडी ओढत नाही आणि शेवटी डीपीएफ उतरवायची वेळ येते. डीपीएफचं बिल आणि ऑईलच्या डब्यामागे वाचलेले पैसे यांची तुलनाच होऊ शकत नाही. उरलेलं सीआय-४ एखाद्या जुन्या गाडीला द्या.

५. मग जुन्या बीएस-३, बीएस-४ गाडीत सीके-४ चालेल का?

चालेल. एपीआयच्या व्याख्येनुसार सीके-४ हे सीजे-४, सीआय-४ आणि सीएच-४च्या जागी वापरता येतं. ग्रेड मात्र पुस्तिकेतलीच ठेवा. पण पुस्तिका सीआय-४ १५डब्ल्यू-४० सांगत असेल आणि तुम्ही ते वेळेवर बदलत असाल, तर केवळ नवीन आहे म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही. महाग सिंथेटिक ऑईल दुप्पट काळ चालवण्यापेक्षा पुस्तिकेतलं साधं ऑईल वेळेवर बदललेलं चांगलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

६. पुस्तिकेत जेवढे किलोमीटर लिहिलेत तेवढे चालवून ऑईल बदलायचं ना?

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. बहुतेक पुस्तिकांमध्ये दोन वेळापत्रकं असतात. एक सर्वसाधारण वापराचं आणि दुसरं खडतर वापराचं. कंपन्या खडतर वापर म्हणजे काय ते सांगतात: पूर्ण भार, घाटरस्ते, धूळ, सतत थांबत-सुटत चालणं, जास्त वेळ चालू इंजिनावर उभं राहणं, छोट्या-छोट्या फेऱ्या.

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून ओतूरमार्गे माळशेज उतरून कल्याणला जाणारी गाडी घ्या. रात्री भरलेली, घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, मुरबाडनंतर ट्रॅफिक, मार्केटच्या गेटवर रांग, आणि येताना रिकामी असली तरी घाटाची चढण. यातलं सर्वसाधारण काय आहे? देवगड-रत्नागिरीहून वाशीला आंबा नेणारी गाडी असो किंवा वीटभट्टीवर फिरणारी, आपल्याकडच्या बहुसंख्य पिकअप खडतर रकान्यातच बसतात. तरीही सगळे वाचतात तो पहिला रकाना.

पुस्तिकेत खडतर वापराचा आकडा असेल तर तोच तुमचा आकडा. नसेल तर लिहिलेल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश धरा. म्हणजे १०,००० लिहिलं असेल तर ६,५०० ते ७,०००. हा नियम कोणत्या कंपनीचा नाही, आमचा सल्ला आहे, आणि तो जाणूनबुजून सावध आहे. गाडी नवीन हायवेवर अर्ध्या भाराने सलग धावत असेल, तर पूर्ण अंतर वापरायला हरकत नाही.

७. रोजचं रनिंग ४० किलोमीटर, पण दूध संकलनाला गाडी तासन्‌तास चालूच असते. मग?

चाक फिरत नसलं तरी इंजिन फिरतंच असतं, आणि ओडोमीटर ते मोजत नाही. उभ्या गाडीत ज्वलन थंडसर होतं, काजळी जास्त आणि डिझेलही ऑईलमध्ये जास्त उतरतं. ढोबळ हिशेबासाठी आयडलिंगचा एक तास म्हणजे सुमारे ४० किलोमीटर धरा. रोज दोन तास गाडी उभी चालू असेल तर तुमचं खरं रनिंग ४० नाही, १२० आहे. शक्य तिथे इंजिन बंद करा, ऑईल आणि डिझेल दोन्ही वाचतं.

८. गाडी फक्त द्राक्षाच्या सीझनला चालते. वर्षात ४,००० किलोमीटरही होत नाहीत. ऑईल बदलायचं का?

बदलायचं, निदान वर्षातून एकदा. ज्वलनातून तयार होणारं आम्ल आणि ओल ऑईलमध्ये साठते. ऑईलमधला अल्कधर्मी घटक ते आम्ल मारतो, पण मारता मारता तो स्वतः संपत जातो. सीझन संपल्यावर, गाडी उभी करायच्या आधी ऑईल बदला. जुनं आम्लयुक्त ऑईल घेऊन गाडी अख्खा पावसाळा शेडमध्ये उभी राहिली तर बेअरिंगला गंज आणि डाग पडतात. सीझनच्या तोंडावर बदलण्यापेक्षा शेवटी बदललेलं जास्त कामाचं.

९. ऑईलची पातळी कशी आणि किती वेळा बघायची?

मालवाहू गाडीची आठवड्यातून एकदा, आणि लांब भाड्याला निघण्याआधी दर वेळी. गाडी सपाट जागेवर हवी. शेताच्या बांधावर एका अंगाला कललेली गाडी खोटी पातळी दाखवते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑईल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईल टाकीत उतरेल. डिपस्टिक काढा, कोरड्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरून बघा. फडक्याचे धागे पट्टीला चिकटलेले नसावेत. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरचं ऑईल कधीच खरं मानू नका, ते नळीच्या बाजूचं असतं.

पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये, शक्यतो वरच्या अर्ध्या भागात हवी. कमी असेल तर थोडं थोडं टाका आणि पुन्हा बघा. टाकलेलं प्रत्येक माप तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहा. प्रश्न १४ला ही वहीच उत्तर देते.

वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ऑईलमध्ये बुडून फिरला की फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑईल बेअरिंगला दाब देऊ शकत नाही.

१०. ऑईल टाकलंच नाही, तरी पातळी वाढलीय. हे कसं?

बहुधा डिझेल मिसळलंय. रिजनरेशनसाठी बीएस-६ गाडी जास्तीचं डिझेल सोडते. रिजनरेशन चालू असताना गाडी पुन्हा पुन्हा बंद केली, तर त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर किलोमीटर कितीही झाले असोत, ऑईल लगेच बदला. पातळ झालेल्या ऑईलवर भार ओढू नका. पुढे डीपीएफचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालू ठेवून रिजनरेशन पूर्ण होऊ द्या.

वारंवार असं होत असेल तर इंजेक्टर तपासून घ्या. जुन्या गाडीत फीड पंपाचा सीलही कारण असू शकतो. ऑईल दुधाळ दिसत असेल तर प्रश्न १८ बघा.

११. नवीन ऑईल हजार किलोमीटरमध्येच काळं झालं. नकली असेल का?

फक्त रंगावरून तसं म्हणता येत नाही. डिझेल इंजिनात काजळी तयार होतेच आणि ती धरून तरंगत ठेवणं हे ऑईलचं काम आहे. काळं झालेलं ऑईल ते काम करतंय. काजळी एकत्र येऊन खाली बसायला लागली की चिंता.

घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. गरम इंजिनातल्या ऑईलचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि कागद काही तास आडवा ठेवा. डाग मधून गडद आणि कडेकडे सारखा फिका होत गेला तर ऑईल अजून काजळी पसरवून ठेवतंय. मध्ये घट्ट काळा ठिपका, त्याला तुटक कड आणि बाहेर नुसतं तेलकट वलय दिसलं, तर ऑईलची ताकद संपली आहे. ठिपका चांगला दिसला म्हणून बदलायची तारीख मात्र पुढे ढकलू नका, आम्ल आणि झीज या परीक्षेत दिसत नाही.

१२. फिल्टर एकाआड एक बदलला तर चालेल?

नाही, प्रत्येक वेळी बदला. फिल्टरमध्ये जुनं घाण ऑईल अडकलेलं असतं, ते नव्यात मिसळतं. शिवाय फिल्टर चोंदला तर आतला बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑईल थेट बेअरिंगकडे जातं. नवीन फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण आटा आवळा. पान्याने पिळू नका. चेंबरच्या नटाचा वॉशर नवीन घाला.

जुना फिल्टर फेकण्याआधी फिटरला तो कापायला सांगा. आतला कागद उलगडून उजेडात धरा. बारीक काळपट गाळ असणारच. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे रिंग, लायनर किंवा कॅम झिजतोय. तांबूस किंवा रुपेरी कण चुंबकाला चिकटले नाहीत तर बेअरिंगकडे संशय घ्या. बेअरिंग वेळेत बदललं तर क्रँक वाचतो.

१३. चंद्रपूरला उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातं. २०डब्ल्यू-५० टाकू का?

पुस्तिका परवानगी देत नसेल तर नको. बाहेर ४५ असो वा २५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतात. ऑईल जास्त तापतं ते मुख्यतः भाराने. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर रेडिएटरची जाळी, फॅनचा बेल्ट आणि कूलंट बघा. जाड ऑईल हा त्यावर उपाय नाही.

१४. गाडी ऑईल खाते. घट्ट ऑईल टाकलं की थांबेल?

आधी मोजा. वहीवरून दर १,००० किलोमीटरला किती मिली लागतं ते काढा आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. मग गळती शोधा: टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, क्रँकचं ऑईल सील, टर्बोचे पाइप. गळती नसेल आणि निळसर धूर असेल तर ऑईल जळतंय. घट्ट ऑईलने थोडे दिवस फरक पडेल, पण रिंग भरून येणार नाहीत. फार झिजलेल्या जुन्या गाडीला, पुस्तिकेत चालणाऱ्या ग्रेडपैकी घट्टातली घट्ट ग्रेड वापरून इंजिनकामापर्यंत वेळ काढता येतो. बीएस-६ गाडीत हे करू नका, जळणारं प्रत्येक माप डीपीएफमध्ये राख टाकतंय.

१५. ट्रॅक्टरसाठी आणलेलं ऑईल पिकअपला टाकू का?

डब्यावर काय लिहिलंय त्यावर अवलंबून. इंजिन ऑईल असेल आणि ग्रेड-दर्जा दोन्ही पुस्तिकेशी जुळत असतील, तर डब्यावर ट्रॅक्टरचं चित्र असलं म्हणून बिघडत नाही. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक-गिअरचं ऑईल मात्र इंजिनात अजिबात टाकू नका. त्यात काजळी आणि आम्ल सांभाळण्याची क्षमता नसते. पिकअपच्या गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑईलही वेगळं असतं, तिथेही पुस्तिका बघूनच टाका.

१६. रस्त्यात ऑईल कमी पडलं, दुसऱ्या कंपनीचं मिळालं. मिसळू का?

हो. कमी ऑईलवर चालवण्यापेक्षा मिसळलेलं शंभरपट बरं. दर्जा आणि ग्रेड जुळणारं बघा. नाइलाजाने वेगळं टाकावं लागलं तर परतल्यावर पूर्ण बदला.

१७. सीएनजी पिकअपचं ऑईल काळं होतच नाही. मग जास्त चालवता येईल?

नाही. गॅसच्या ज्वलनात काजळी जवळपास नसते, म्हणून ऑईल स्वच्छ दिसतं. पण उष्णतेने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे ते आतून जुनं आणि घट्ट होत जातं. पुस्तिकेतलं अंतर आणि महिने पाळा. सीएनजी आणि पेट्रोल गाडीत डिझेलचं ऑईल टाकायचं असेल तर डब्यावर पुस्तिकेतला ‘एस’ दर्जाही लिहिलेला हवा.

१८. पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली. आता डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ दिसतंय.

गाडी सुरू करू नका. इंजिनात पाणी गेलंय आणि तसंच चालवलं तर बेअरिंग जातील. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या, एअर फिल्टर ओला आहे का बघा, ऑईल-फिल्टर बदला, थोडा वेळ चालवून पुन्हा एकदा बदला. एक्सल बुडाले असतील तर डिफरन्शियलचंही ऑईल तपासा.

पाण्यात न जाता ऑईल दुधाळ झालं असेल तर हेड गॅसकेट किंवा ऑईल कूलर बघा, कूलंटची पातळीही उतरलेली सापडेल. फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ती छोट्या फेऱ्यांची ओल आहे. एक लांब फेरी झाली की ती जाते.

१९. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद केली तर?

टर्बो फार तापलेला असतो. इंजिन बंद केलं की त्यातलं ऑईल जागच्या जागी करपतं आणि बारीक वाटा बुजतात. चढण संपल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मग बंद करा.

२०. ऑईलचा लाल दिवा लागला. पुढच्या गावापर्यंत न्यावी का?

नाही. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तो दिवा दाब गेल्याचा आहे, पातळीचा नाही. पातळी बघा. कमी असेल तर भरा आणि सुरू करून बघा. दिवा काही सेकंदांत विझला नाही, किंवा पातळी बरोबर असूनही लागला, तर टो करा.

२१. नकली ऑईल कसं ओळखायचं?

उघडल्यावर ओळखणं अवघड आहे, म्हणून खरेदीच नीट करा. झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, पक्कं बिल घ्या. सुटं ऑईल घेऊ नका. रिकामा कॅन गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, समोर कापून टाका. नकली ऑईल भरायला असेच रिकामे कॅन लागतात.

२२. बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑईल बदललं तर वॉरंटी जाते का?

वॉरंटीच्या अटी गाडीच्या कागदपत्रांत असतात, आधी त्या वाचा. वॉरंटीच्या काळात अधिकृत सर्व्हिसला जाणं सगळ्यात निर्धोक. बाहेर एखादं टॉप-अप करावं लागलं तरी डब्याचा फोटो आणि बिल ठेवा.

२३. फ्लशिंग किंवा ऑईलमध्ये टाकायची बाटली कामाची असते का?

वेळेवर ऑईल बदललेल्या गाडीला गरज नाही. फार गाळ साठलेल्या जुन्या इंजिनात फ्लशिंगने तर धोकाच असतो. सुटलेला गाळ स्ट्रेनरमध्ये अडकतो आणि ऑईलचा दाब जातो. अशा गाडीला दोन-तीन वेळा कमी अंतरावर ऑईल-फिल्टर बदला, किंवा चेंबर उतरवून हाताने साफ करा.

२४. काढलेलं जुनं ऑईल कुठे द्यायचं?

२०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. झाकणबंद कॅनमध्ये भरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा अशा संस्थेला देणाऱ्या गॅरेजला द्या. ओढ्यात, विहिरीजवळ, गटारात ओतू नका. जनावरांच्या जखमेला लावायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते, ती बंद करा. या ऑईलमध्ये धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. बदलताना हातमोजे घाला, अंगाला लागलं तर साबणाने धुवा, डिझेलने नाही.